साखरेच्या बिस्किटांच्या पुड्यावरील पोषणतक्ता: नेमके काय मोजायचे?

प्रश्न
विश्रामबागकर, सांगली

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी सासूबाई आहेत, वय बहात्तर, गेली नऊ वर्षे मधुमेह. आणि मुलगी आहे, दुसरीत शिकते. दोघींचे बिस्कीट एकच ठरलेले आहे. वरून साखरेचे जाडसर दाणे लावलेली, पिवळसर, तोंडात टाकताच विरणारी कुकी. सासूबाई सकाळच्या चहाबरोबर चार आणि दुपारच्या चहाबरोबर चार खातात. चहा मात्र त्या नऊ वर्षांपासून बिनसाखरेचा घेतात, त्यामुळे चहात साखर नाही तर चार बिस्किटांनी काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे असते आणि आजवर मलाही ते पटत आले होते. मुलगी शाळेतून आली की दुधात बुडवून सहा तरी खातेच.

गेल्या महिन्यात सासूबाईंची एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ७.१ वरून ७.९ वर गेली. डॉक्टरांनी दिवसभरात जे तोंडात जाते ते सगळे वहीत लिहायला सांगितले. बिस्किटांचे काय लिहावे हे कळेना, म्हणून पुडा घेऊन बसले. अक्षरे इतकी बारीक की सासूबाईंचे पोथी वाचायचे भिंग आणावे लागले. जे उतरवून घेतले ते असे: दर १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४८६ किलोकॅलरी, प्रथिने ६.४ ग्रॅम, कर्बोदके ७० ग्रॅम, त्यांपैकी एकूण साखर २६ ग्रॅम आणि अतिरिक्त साखर २५.२ ग्रॅम, एकूण स्निग्धांश २० ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त ९.८ ग्रॅम आणि ट्रान्स ०.१ ग्रॅम, सोडियम ३१० मिलिग्रॅम. शेजारच्या रकान्यात दोन बिस्किटांचे, म्हणजे १६ ग्रॅमचे, टक्के दिले आहेत: ऊर्जा ४ टक्के, अतिरिक्त साखर ८ टक्के, संपृक्त स्निग्धांश ७ टक्के. हे टक्के कशाचे आहेत? आठ टक्के म्हणजे अगदीच थोडे असे समजून मी पुडा पुन्हा डब्यात ठेवणार होते, पण मन मानेना.

दुकानदाराला विचारले तेव्हा त्याने साखरविरहित असे ठळक छापलेला दुसरा पुडा काढून दिला आणि हा मधुमेहाच्या माणसाने कितीही खावा असे सांगितले. किंमत जवळजवळ दुप्पट. घरी आणून तक्ता पाहिला तर ऊर्जा ४५१, प्रथिने ७, कर्बोदके ६८, त्यात पॉलिऑल १८, साखर ०.४ आणि स्निग्धांश २० ग्रॅम. साखर जवळजवळ नाही, तरी ऊर्जा एवढी कशी राहिली हे मला उमगत नाही. शेवटचे एक विचारते. दिवाळीत आपल्याकडे साहित्य देऊन बेकरीतून नानकटाई भाजून आणतात, तशी वर्षभर भाजून आणली तर ती पुड्यातल्या बिस्किटांपेक्षा बरी ठरेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १
मिरजेची आहारतज्ज्ञ

ताई, तुम्ही तक्ता जसाच्या तसा उतरवून दिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी मिरजेतील एका रुग्णालयात तेवीस वर्षे आहाराचे काम पाहिले आणि "बिस्किटे किती खाता?" या प्रश्नाला "दोन-चार" यापलीकडे उत्तर फार थोड्यांकडून ऐकले. त्यामुळे वहीत आकडे लिहायला बसलेल्या माणसाचे मला मनापासून कौतुक वाटते.

आधी टक्क्यांचे पाहू. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार पुड्यावर दर १०० ग्रॅमचे आकडे द्यावे लागतात आणि एका वाढीतून, म्हणजे एका वेळी खायच्या मापातून, प्रौढ माणसाच्या दिवसभराच्या प्रमाणापैकी किती टक्के मिळते हेही सांगावे लागते. ते दिवसभराचे प्रमाण नियमातच ठरवून दिलेले आहे: २००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण स्निग्धांश, २२ ग्रॅम संपृक्त स्निग्धांश, २ ग्रॅम ट्रान्स, ५० ग्रॅम अतिरिक्त साखर (माल बनवताना वेगळी घातलेली) आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ. तुमच्या पुड्यातील दोन बिस्किटांत अतिरिक्त साखर ४ ग्रॅम येते, ५० ग्रॅमच्या ती ८ टक्के होते, म्हणून आठ टक्के छापले आहेत. आकडा खोटा नाही. पण तो दोन बिस्किटांचा आहे आणि तुमच्या घरी दोन बिस्किटांवर कोणीच थांबत नाही. वाढ केवढी धरायची हे कंपनी ठरवते, आपले माणूस किती खाते हे आपल्यालाच ठाऊक असते, म्हणून हिशेब नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करावा. त्यासाठी वजनकाट्याचीही गरज नाही. पुड्यावर निव्वळ वजन छापलेले असते, त्याला आतल्या बिस्किटांच्या संख्येने भागले की एका बिस्किटाचे वजन मिळते. तुमच्या पुड्यात ते ८ ग्रॅम दिसते.

आता सासूबाईंची आठ बिस्किटे घ्या. ती झाली ६४ ग्रॅम. त्यांतून ऊर्जा ३११ किलोकॅलरी, अतिरिक्त साखर १६ ग्रॅम, संपृक्त स्निग्धांश ६.३ ग्रॅम आणि कर्बोदके जवळजवळ ४५ ग्रॅम. घरातल्या चमच्यात साधारण ५ ग्रॅम साखर बसते, म्हणजे बिनसाखरेच्या दोन कप चहाबरोबर त्या दिवसाला तीन चमचे साखर खात आहेत.

परंतु माझे खरे सांगणे पुढेच आहे. मधुमेहाच्या माणसाने साखर या एका ओळीवर बोट ठेवून थांबू नये, कर्बोदकांची सगळी ओळ वाचावी. तुमच्या बिस्किटात १०० ग्रॅममागे ७० ग्रॅम कर्बोदके आहेत, त्यांतील २६ ग्रॅम साखर सोडली तर उरलेली ४४ ग्रॅम बहुतेक मैद्यातील पिष्ट आहे, आणि त्या पिष्टाचेही पोटात ग्लुकोजच होते. पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यातून साधारण १७ ते १८ ग्रॅम कर्बोदके मिळतात. त्या मापाने सासूबाईंची आठ बिस्किटे म्हणजे अडीच फुलके झाले. जेवताना दोनऐवजी तिसरा फुलका वाढला तर त्या हात आडवा धरत असतील, मात्र चहाबरोबर हे अडीच फुलके कोणाच्याही हिशेबात न धरता जातात, आणि त्यात कणकेतला कोंडा नसतो. एचबीए१सी वाढण्याची कारणे पुष्कळ असतात, सगळे खापर बिस्किटांवर फोडू नये. पण वहीत ही नोंद डॉक्टरांना दिसलीच पाहिजे.

तुमच्या तक्त्यावर आणखी एक ताळा करून पाहा. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ आणि स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमला ९ किलोकॅलरी धरतात. प्रथिनांचे २५.६, कर्बोदकांचे २८० आणि स्निग्धांशाचे १८० मिळवले की ४८५.६ येतात, म्हणजे छापलेले ४८६ बरोबर आहेत. आता वाटे पाहा. या ४८६ पैकी अतिरिक्त साखरेचे फक्त शंभर आणि स्निग्धांशाचे एकशे ऐंशी. आपण याला साखरेचे बिस्कीट म्हणतो, दाणेही साखरेचेच दिसतात, जिभेला गोडच लागते, पण ऊर्जेत तेलाचा वाटा साखरेच्या पावणेदोन पट आहे. हे तेल बहुधा पाम असावे, कारण २० ग्रॅम स्निग्धांशात ९.८ ग्रॅम संपृक्त, म्हणजे जवळजवळ निम्मे, ही पाम तेलाची ठेवण आहे. घटकांची यादी वाचून खात्री करून घ्या. बहात्तराव्या वर्षी नऊ वर्षांचा मधुमेह असलेल्या बाईंच्या हृदयाचा विचार करता संपृक्ताची ती ओळ साखरेइतकीच महत्त्वाची आहे. आठ बिस्किटांतून दिवसाच्या २२ ग्रॅमपैकी २८ टक्के संपृक्त चहाबरोबरच संपते. भाजीतले तेल, दूध आणि तूप त्यानंतर मोजायचे.

साखरविरहित पुड्यात ऊर्जा एवढी कशी राहिली, तेही यावरून कळेल. साखर ०.४ ग्रॅम आहे, आणि १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तरच साखरविरहित असा दावा करता येतो, म्हणून तो दावा नियमात बसतो. मात्र साखरेच्या जागी माल्टिटॉलसारखे पॉलिऑल, म्हणजे साखरेऐवजी गोडी देणारा पदार्थ, घातले आहे, ज्याच्या प्रत्येक ग्रॅममधून दोन ते अडीच किलोकॅलरी मिळतात, आणि मैदा व तेल होते तिथेच आहेत. ४८६ आणि ४५१ यांतला फरक ३५ किलोकॅलरींचा, तोही पूर्ण १०० ग्रॅममागे. दोन बिस्किटांमागे तो सहा किलोकॅलरीही भरत नाही. माल्टिटॉलने रक्तातील साखर साध्या साखरेपेक्षा कमी चढते, अजिबात चढत नाही असे नाही. शिवाय पॉलिऑल जास्त पोटात गेले तर पोट फुगते आणि जुलाब होतात. तशी सूचना पुड्यावर छापणे बंधनकारक आहे, भिंग लावून शोधा, सापडेल. मधुमेहाच्या माणसाने कितीही खावे हे वाक्य दुकानदाराने कोणालाही सांगू नये, असे मला कळकळीने वाटते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रुग्णांनी असेच ऐकून पुडेच्या पुडे संपवलेले मी पाहिले आहेत.

मुलीविषयी. पुड्यावरचे टक्के २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाचे आहेत. सात ते नऊ वर्षांच्या मुलांची गरज १७०० च्या आसपास धरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेली आणि मध, फळांचा रस यांतली साखर, एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत ठेवावी. १७०० चे पाच टक्के म्हणजे २१ ग्रॅम साखर. तिच्या सहा बिस्किटांतच १२ ग्रॅम जाते. दुधात साखर किंवा चॉकलेटची पूड घालत असाल तर २१ ग्रॅमची मर्यादा त्या एकाच बैठकीत संपते आणि रात्रीच्या जेवणाची भूकही मरते. माझ्या अनुभवात आयांची तक्रार या भुकेचीच असते.

उत्तर २
भट्टीवाला, खणभाग

ताईंनी नानकटाईचे विचारले आहे, म्हणून लिहितो. आमची बेकरी आजोबांपासूनची आहे. दिवाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस आमच्या दारात डब्यांची रांग लागते. मैदा, पिठीसाखर, तूप, वेलदोडा असे ज्याचे त्याचे साहित्य असते, आम्ही ते फेटून, गोळे करून, पत्र्यावर लावून भाजून देतो आणि घरची बाई डब्यावर नाव लिहून बाकावर बसून राहते. हा माल ताजा असतो, त्यात काय घातले हे तिने डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि त्याची चव पुड्याला येणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगेन. तो पुड्यापेक्षा हलका असतो, असे मात्र मी सांगणार नाही. आहारतज्ज्ञ ताईंनी दाखवलेल्या रीतीने मी काल रात्री दुकान बंद केल्यावर आमच्या मापाचा हिशेब मांडून पाहिला आणि मलाच नवल वाटले.

एक किलो मैद्याला अर्धा किलो पिठीसाखर आणि अर्धा किलो तूप, हे आमच्याकडचे चालू माप आहे. भट्टीत मैद्यातला ओलावा उडतो, म्हणून दोन किलोचा माल एक किलो नऊशेच्या आसपास उतरतो. मैद्याच्या १०० ग्रॅमला ३५० धरले तर किलोचे ३५००, साखरेचे २०००, तुपाचे ४५००, एकूण १०,०००. त्याला १९०० ग्रॅमनी भागले की १०० ग्रॅम नानकटाईला सव्वापाचशे किलोकॅलरी येतात आणि साखर व स्निग्धांश प्रत्येकी २६ ग्रॅम. म्हणजे ताईंच्या पुड्यातल्या बिस्किटात आहे तेवढीच साखर, आणि तूप त्यातल्या तेलापेक्षा सहा ग्रॅमनी जास्त. वर आमची नानकटाई एकेक पंचवीस ग्रॅमची असते, तीन खाल्ल्या तर पाऊणशे ग्रॅम झाले.

तुपाविषयी आमच्याकडे बराच गैरसमज आहे. पूर्वी लोक वनस्पती तूप आणत, त्यात ट्रान्सचा, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक स्निग्धांशाचा प्रश्न मोठा होता. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील कारखानदारी ट्रान्सवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पुड्यावर ०.१ सारखे आकडे दिसू लागले. आता पुष्कळ जण साजूक तूप आणतात. चवीला त्याच्यासारखे दुसरे नाही, परंतु साजूक तुपातही संपृक्त साठ टक्क्यांच्या वर असते, म्हणून साजूक आहे या कारणाने दोन जास्त खाव्यात असे होत नाही.

साखर कमी करून द्या, असेही आता बरेच जण सांगतात. कमी होते, पण हवी तेवढी होत नाही. बिस्किटात साखर नुसती गोडीला नसते. तुपाबरोबर फेटताना तिच्या दाण्यांमुळे तुपात हवा धरली जाते; ती पाणी ओढून घेते म्हणून मैद्याला चिवटपणा येत नाही; भट्टीत ती वितळते तेव्हा गोळा पसरतो आणि त्याला वरून भेगा पडतात. किलोला साडेतीनशे ग्रॅमपर्यंत मी उतरवून पाहिले आहे, माल चांगला होतो. तीनशेच्या खाली गेलो की गोळा पसरत नाही, बसका आणि दगडासारखा होतो, आणि मग लोक तूप वाढवायला सांगतात. यात आणखी एक गोष्ट हिशेबाने कळली, जी मला इतकी वर्षे माहीत नव्हती. साखर साडेतीनशे केली की एकूण माल साडेसतराशे ग्रॅम होतो आणि साखर १०० ग्रॅमला २० वर येते, पण अर्धा किलो तूप तेवढेच राहिल्याने त्याचा वाटा वाढतो आणि ऊर्जा सव्वापाचशेवरून ५३७ वर जाते. साखर कमी केली, आता पोटभर खा, असे आम्ही गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. ते चुकीचे होते.

पुड्याच्या यादीत ५०३(२) असा आकडा वाचून बरेच जण घाबरतात, त्याविषयीही सांगतो. तो अमोनियम बायकार्बोनेट, आम्ही त्याला नुसता अमोनिया म्हणतो. भट्टीचे दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो तो त्याचाच. उष्णतेने त्याचा वायू होऊन तो निघून जातो आणि बिस्कीट खुसखुशीत होते. ५००(२) म्हणजे खाण्याचा सोडा. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचे. या आकड्यांपेक्षा यादीतल्या पहिल्या तीन नावांकडे लक्ष द्यावे, कारण माल बनवताना जे वजनाने सर्वांत जास्त पडते त्याचे नाव आधी, अशी ती यादी उतरत्या क्रमाने लावलेली असते.

उत्तर ३
अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, सातारा

मी स्वतः चौदा वर्षांचा मधुमेही आहे आणि साताऱ्यात राहूनही कंदी पेढा वर्षातून दोनदाच खातो. माझा अनुभव असा की डबा समोर असला की माणूस मोजत नाही. मी बिस्किटे पूर्ण सोडली आणि चहाबरोबर खारी घेऊ लागलो, कारण तिच्यात साखर जवळजवळ नसते. सासूबाईंसाठी तो पर्याय विचारात घ्यावा. वडीलधाऱ्या माणसाचे आवडीचे एकदम बंद केले तर मन दुखावते; त्यापेक्षा हातात दुसरे काहीतरी द्यावे, असे मला वाटते.

उत्तर ४
मिरजेची आहारतज्ज्ञ

काका, एकदम बंद करू नये हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. खारीबाबत मात्र सावध करते. खारीला जे पदर सुटतात ते मैद्याच्या प्रत्येक थरावर स्निग्धांश पसरून घड्या घातल्यामुळे सुटतात. साखर गेली तरी मैदा तोच राहिला, स्निग्धांश साखरेच्या बिस्किटापेक्षाही वाढला, आणि मीठ आले ते वेगळेच. खारी खाल्ल्यावर बोटे कागदाला पुसून पाहा, कागद पारदर्शक होतो. तुम्ही दिवसाला किती खाता हे वहीत लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवावे, ही विनंती.

चहाबरोबर दाताखाली काहीतरी कुरकुरीत हवे असते, ही गरज खरी आहे. फुटाणे चालतात, दात साथ देत नसतील तर ज्वारीच्या लाह्या चालतात. आपल्या सांगलीचे भडंग हलके लागते, पण त्यातले तेल आणि मीठ लक्षात घेऊन लहान वाटीच घ्यावी.

भट्टीवाल्या दादांनी साखर आणि ऊर्जेचा जो हिशेब दाखवला, तो मी माझ्या वहीत उतरवून घेतला आहे. रुग्णांना समजावताना याहून चांगले उदाहरण मला आजवर मिळाले नव्हते.

पुन्हा प्रश्नकर्ती
विश्रामबागकर, सांगली

सर्वांची मनापासून आभारी आहे. घटकांची यादी वाचली. मैदा, मग साखर, मग पाम तेल, मग इन्व्हर्ट सिरप, दुधाची भुकटी. पाम तेल निघाले हे पाहून सासूबाईही चकित झाल्या. काल दुपारी मी त्यांच्यासमोर एका बशीत आठ बिस्किटे आणि दुसऱ्या बशीत तीन चमचे साखर व एक चमचा तूप ठेवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग आठातली सहा बिस्किटे उचलून स्वतःच्या हाताने डब्यात परत टाकली. आज सकाळी एक आणि दुपारी एक घेतले. मुलीला दुधाबरोबर दोन देते आणि सोबत भाजलेले शेंगदाणे.

दोन शंका राहिल्या. नणंदेने नाचणी आणि बेदाण्याची बिस्किटे पाठवली आहेत. पुड्यावर नाचणीची कणसे मोठी काढली आहेत. तक्ता: ऊर्जा ४७८, एकूण साखर २४, अतिरिक्त साखर २०, तंतू ३.१ ग्रॅम. यादीत मैदा ५१ टक्के, नाचणी ८ टक्के, बेदाणे ६ टक्के. ही चालतील का? आणि दुसरे असे की सासूबाई गणपतीला चालत जातात तेव्हा साखर उतरली तर असावीत म्हणून पिशवीत दोन साखरेची बिस्किटे बांधून नेतात. ती राहू द्यावीत ना?

उत्तर ५
मिरजेची आहारतज्ज्ञ

बशीची कल्पना फार चांगली केलीत. तूप एकच चमचा ठेवले होते, ते खरे तर अडीच चमचे हवे होते, कारण आठ बिस्किटांत स्निग्धांश जवळजवळ १३ ग्रॅम असतो.

नाचणीच्या पुड्याचे उत्तर त्याच्या यादीतच आहे. चित्रात किंवा नावात ज्या घटकाचा गाजावाजा केला असेल त्याचे प्रमाण टक्क्यांत सांगावे लागते, म्हणून आपल्याला ८ टक्के कळले. निम्म्याहून जास्त मैदा असलेले ते मैद्याचेच बिस्कीट आहे. तंतू ३.१ ग्रॅम आहेत, आणि १०० ग्रॅममध्ये ३ ग्रॅम असले की तंतूंचा स्रोत असे छापता येते. परंतु तीन बिस्किटांतून पाऊण ग्रॅमही पुरते मिळत नाहीत, ज्वारीच्या एका भाकरीत चार-पाच ग्रॅम मिळतात. एकूण आणि अतिरिक्त साखरेत ४ ग्रॅमचा फरक दिसतो, तो बेदाण्यांचा आहे. बेदाण्यांत निम्म्याहून अधिक साखर असते, ती फळाची म्हणून अतिरिक्त या ओळीत धरत नाहीत. तासगावचा बेदाणा आपल्या अभिमानाचा आहे आणि मलाही आवडतो, तरी सासूबाईंच्या हिशेबात २४ धरा, २० धरू नका. नणंदेने प्रेमाने पाठवली आहेत, तर साखरेच्या एका बिस्किटाऐवजी त्यातले एक द्यावे.

पिशवीतील बिस्किटे मात्र आजच काढा. साखर उतरून घाम सुटतो, हात थरथरतात, तेव्हा ती काही मिनिटांत चढावी लागते. बिस्किटातल्या तेलामुळे पोट हळू रिकामे होते आणि त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. त्याऐवजी तीन सपाट चमचे, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर पुडीत बांधून द्या आणि सोबत पाण्याची लहान बाटली ठेवा. पाण्यात विरघळवून लगेच प्यायची, जवळ बसायला जागा शोधायची, पंधरा मिनिटांनी बरे वाटले नाही तर तेवढीच पुन्हा घ्यायची. म्हणून पुड्या दोन ठेवा. बरे वाटल्यावर जेवणाची वेळ दूर असेल तर तेव्हा एक बिस्कीट खाल्ले तरी चालते. असा प्रसंग आठवड्यातून एकदा जरी येत असेल तर गोळीची मात्रा तपासावी लागेल, ते डॉक्टरांना फोन करून उद्याच विचारा.